घोड्यापायी चार किलो

कर्जत, मंगळवार

ती. मालतीताईस,

अजेयचा साष्टांग नमस्कार. (पूर्वी जमिनीला नुसतं पोटच टेकायचं. आता आठांपैकी पाच अंगं तरी टेकतात.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींचा खोकला गेला का? इकडे मी इतका मजेत आहे की फोनच करणार होतो. पण तुझा फोन आमचा भाचा ओजस स्पीकरवर टाकतो, म्हणून हे पत्र.

तुला आठवत असेल, लग्नानंतर आम्ही माथेरानला गेलो तेव्हा सई घोड्यावर बसली आणि मी घोड्याला घाबरून पायी चाललो. सबंध रस्ता ती पुढे आणि मी मागून लाल धूळ खात. आता लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, तर यंदा दोन घोडे, शेजारी शेजारी, असा शब्द मी तिला दिलाय. ताई, तो मला पाळायचाच आहे गं. पण घोडेवाला शुक्रा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "ऐंशीच्या वर माणूस आमी घेत नाय. घोड्याला पन जीव हाय." मी चौऱ्याऐंशी! आधी सहा किलो झरझर उतरले होते, पण मग काटा चौऱ्याऐंशीवर जो बसला तो सात आठवडे हलेचना.

तेव्हा तुझ्या ओजसने कार्ब सायकलिंग सुचवलं. तीन दिवस भात-पोळी जवळपास बंद, चौथ्या दिवशी पोटभर. शरीर गाफील राहतं आणि अडलेलं वजन सुटतं, म्हणे. बिनभाताचे दिवस पनीर, काकडी आणि ताकावर काढले. (वर्गात फळ्यावर वर्तुळ काढलं तर त्यात वरण ओतावंसं वाटायचं.) चौथ्या दिवशी मात्र आंबेमोहोर, वर तूप! उरलेला भात टाकवत नाही, म्हणून पाचव्या दिवशी त्याला फोडणी दिली. तो कालचाच भात, तेव्हा मी तो कालच्याच दिवसात धरला. त्यातूनही उरला त्याचे सहाव्या दिवशी वडे. असे तीन आठवडे मी अत्यंत कडकपणे पाळले.

तरी घरचा काटा चौऱ्याऐंशीच! (तो सईच्या माहेरचा आहे, मुळातच माझ्या विरुद्ध.) म्हणून परवा भर उन्हात चालत कडावला गजाच्या भातगिरणीवर गेलो आणि पोती मोजायच्या काट्यावर उभा राहिलो. आकडा त्याच्या बाजूला. तो बघून गजा म्हणाला, "मास्तर, साडेएकोणऐंशी!" मी त्याला मिठीच मारली, दोघं कोंड्याने माखलो. तिथूनच शुक्राला फोन करून पुढच्याच्या पुढच्या रविवारचे दोन घोडे ठरवले. घरी सांगितलं तर सईच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून मलाही आलं. ओजसला माझे शंभर आशीर्वाद सांग.

तुझा हलका झालेला भाऊ,
अजेय

ता. क. पत्र लिहून झाल्यावर गजा बाजारात भेटला. म्हणाला, "ओल्या भाताला वजनात घट धरतोच की आमी. तुमी घामानं निथळत व्हतात. साडेतीन किलो ओलावा, नि किलोभर बारदान." (बारदान म्हणजे माझा सदरा आणि पँट.) आशीर्वाद तूर्त सांगू नकोस.

ता. क. २ म्हणून ताई, एकच कर. त्या रविवारच्या आदल्या दिवशी थोडी आजारी पड. फार नको, गुडघे चालतील. आम्ही धावत पुण्याला येऊ आणि मला महिनाभर मिळेल. सईला यातलं अक्षरही कळू देऊ नकोस.

ता. क. ३ ताई, मी सई. पत्र पोस्टात टाकायला यांनी माझ्याकडेच दिलं आणि पाकीट उघडंच होतं. तुम्ही मुळीच आजारी पडू नका. त्या वेळी माथेरानला घोड्यावर बसून सबंध रस्ता मी मागे वळून यांनाच बघत होते, चार दिवस मान अवघडली होती. यंदा आम्ही दोघंही चालणार, शेजारी शेजारी. एक घोडा मी रद्द केलाय. दुसऱ्यावर मसालेभाताचं पातेलं येतंय, तेव्हा त्या रविवारी भाताचा दिवस येतो का ते ओजसला विचारा. येत नसेल तर आणायला सांगा. पातेलं ऐंशीच्या आत आहे. माझ्या माहेरच्या काट्यावर तोलून बघितलंय.