निळा डबा, काळा डबा आणि ताराक्का

बुधवार, १५ एप्रिल १९९८, कऱ्हाड

निळा डबा घ्यायचा की काळा? आमच्या व्हिडिओ लॅबचे मालक अण्णा, त्यांनी आल्या आल्या विचारलं. मला सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.

डबे म्हणजे कॉम्प्युटरवर व्हिडिओ जोडायची दोन सॉफ्टवेअरं, खोक्याच्या रंगावरून. सांगलीच्या विक्रेत्यानं दोन्हीची पत्रकं पाठवलीत, इंग्रजीत. अण्णा म्हणाले, "तू बीएस्सी. वाच आन् सांग. लग्नाच्या कॅसेटी बास झाल्या. आता केबलच्या जाहिराती. लग्नं चार म्हैनं, दुकानं बारा म्हैनं."

सध्या दोन व्हीसीआर शेजारी ठेवून जोडतो. एकावर प्ले, दुसऱ्यावर रेकॉर्ड, दोन्ही बटणं एका दमात. बोट चुकलं की परत पहिल्यापासून.

घरी आईला सांगितलं, लॅबचं नवं मशीन मी निवडणार. "तुला ठावं हाय न्हवं त्यातलं?" म्हटलं, हो. आमच्या घरात कॉलेज बघितलेली मी पहिली, त्यामुळे माझं खोटं पकडणारं कोणी नाही.

शुक्रवार, १७ एप्रिल

बापू आले. रस्त्यापलीकडचं मंगल कार्यालय त्यांचं. अक्षय तृतीयेच्या आत केबलवर जाहिरात हवी.

फेब्रुवारीत तिथं झालेल्या लग्नातला एक शॉट मी बाजूला काढून ठेवला होता. नवरी मागे वळते, आईचा हात धरून तिला ओढत पुढे आणते, दोघी हसतात. सहा सेकंद. तीन तासांच्या कॅसेटमध्ये तेवढंच कुणी मनापासून हसलंय. बापूंनी दोनदा बघितला.

"झकास. पर ही बाई काडा."

"नवरीची आई आहे ती."

"असंल. पांढरं कपाळ हाय. लग्नाच्या जाहिरातीत पांढरं कपाळ दावू? कोन यील मग कार्यालय ठरवायला?"

म्हटलं, दुसरा शॉट घेऊ.

"दुसरा नगं. पोरगी अशी हासल्याली दुसरीकडं कुटं हाय? बाईच काडा नुसती."

अण्णा म्हणाले, "नव्या मशिनवर निघंल की, बापू." दोघं हसले. केळीच्या घडातलं नासकं केळं काढावं तसं बोलत होते. मी बापूंना चहा विचारला नाही. तेवढाच काय तो माझा निषेध. शी.

शनिवार, १८ एप्रिल, सांगली

एसटीनं गेले, कॅसेट पिशवीत. विक्रेत्याकडे दोन्ही डबे चालवून बघितले.

निळा: कापतो, जोडतो, नावं टाकतो, बदामातून चेहरा काढतो. आठवड्यात शिकेन. माणूस पुसता येत नाही.

काळा: शिकायला अवघड, पण रंग, आवाज, सगळं हाताशी. आणि विक्रेत्याच्या शब्दांत, "मॅडम, ह्यात कुनालाबी गायब करा." मागच्या पडद्याचा रिकामा तुकडा उचलायचा आणि माणसावर चिकटवायचा. एक चित्र झालं की पुढचं.

माऊस मी हातात घेतला. खरं लिहायचं तर मजा आली. दुपारभर त्या बाईंना कडेकडेनं पुसत होते. आधी पदर, मग खांदा, मग कपाळ. जमतंय, जमतंय, असं मनात चाललेलं. मग प्ले केलं.

नवरी वळते. हात लांब करते. हवेला ओढत पुढे आणते, आणि हवेकडे बघून हसते. मूठ घट्ट.

विक्रेता म्हणाला, "त्या हातात हार द्या की. भागतंय लगीच."

येताना एसटीत कॅसेट पिशवीतून काढून मांडीवर घेतली. शेजारच्या बाईनं विचारलं, घरातलं लग्न का. म्हटलं, हो.

सोमवार, २० एप्रिल

त्या नवरीची आई म्हणजे ताराक्का. कऱ्हाडलगतच्या मलकापुरात आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. दूध डेअरीत कामाला. नवरा गेला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. शेवटी गेलेच त्यांच्याकडे आणि सगळं सांगितलं. त्या गहू निवडत होत्या.

"काडत्यात मला? काडू द्यात की. मी मागंच हुबी हुते बाई, खांबाआड. हिनंच वढलं. तवाच म्हनले, सोड गं, लोक बघत्यात."

एक खडा उचलून बाजूला टाकला आणि म्हणाल्या, "मला काडल्यावर तिचा हात कसा दिसतुया?"

म्हटलं, नुसताच.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "बरं दिसत न्हाई ते. तेवढं बघा."

मला त्यांच्याकडून संताप हवा होता. त्यांनी दिला नाही, म्हणून त्यांचाही राग आला. आता स्वतःचा येतोय. त्यांना त्याच गल्लीत, त्याच नातेवाइकांत राहायचंय. मी आपली वही घेऊन...

मंगळवार, २१ एप्रिल

अण्णांना स्पष्ट म्हटलं, हे वाईट आहे.

"वाईट काय त्यात? जाहिरातीत साबन लावनारी बाई तरी खरी असती व्हय?"

"अण्णा, ती आई आहे तिची."

ते व्हीसीआर उघडून हेड पुसत होते. मान वर न करता म्हणाले, "माजी आई बी तशीच. माज्या लग्नात सैपाकघरात बसून हुती. कुनाचं काय बिगाडलं?"

फडकं ते एकाच जागी फिरवत राहिले.

मग नेहमीच्या आवाजात, "परवा मी म्हसवडला शूटिंगला. लेटरहेडवर सही करून ठेवतो. डब्याचं नाव तू घाल आन् सांगलीला धाडून दे."

कोणतं नाव ते बोलले नाहीत. बोलायची गरजच वाटली नसणार.

गुरुवार, २३ एप्रिल

काळा डबा चांगला आहे. हे इथे लिहून ठेवते, नंतर मी स्वतःलाच दुसरं काही सांगायला नको. त्यात रंग सुधारतात, आवाज स्वच्छ होतो. मला जशा जाहिराती करायच्यात तशा त्यातच होतील.

हेही लिहिते की निळा आणल्यानं ताराक्का वाचत नाहीत. बापू कॅसेट घेऊन सांगलीला जातील. विक्रेत्याला कष्टही नाहीत, मी पुसलेला शॉट त्याच्या कॉम्प्युटरवर तसाच पडलाय. निघताना पुसून टाकायचं मला सुचलंसुद्धा नाही. जे पुसायला नको ते दुपारभर पुसत बसले.

अण्णांनी विश्वासानं सही करून ठेवली, त्याचं काय?

अकरा वाजता सही केलेल्या कागदावर निळ्या डब्याचं नाव टाइप केलं. पोस्टात जाऊन रजिस्टर करून आले. पोस्टाची पावती अण्णांच्या टेबलावर ठेवली, खाली माझी चिठ्ठी: "काळ्यात बाई निघते, म्हणून निळा मागवला. विचार करून मागवलाय." खाली पूर्ण नाव लिहिलं.

अण्णांची गाडी सहापर्यंत येईल. मी लॅबमध्येच बसलेय.