भाषा कळते का?

हॅम्बुर्ग

उत्कर्षाताई, धाकट्या भावाचा नमस्कार घे.

माझी तब्येत ठणठणीत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

तू सोलापूरच्या कोर्टात घातलेल्या वाटणीच्या दाव्याचं समन्स काल इथल्या कोर्टाच्या कचेरीत माझ्यापुढं ठेवलं. मी तुझे फोन उचलले नाहीत म्हणूनच तू कोर्टात गेलीस, हे मला कळतं.

कागद मराठीत होते, जर्मन भाषांतर जोडलेलं नव्हतं. इथला वकील आधीच म्हणाला होता, "ही भाषा कळत नाही म्हणून सांगा. कागद परत जातील, दीड वर्ष आरामात निघेल."

मी तेच सांगणार होतो, ताई. तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

पण शेताची चतुःसीमा वाचली. पूर्वेला ओढा, पश्चिमेला रामहरीकाकांचा बांध, दक्षिणेला चिंच. त्याच चिंचेखाली माझं बोट धरून तू मातीत अक्षरं गिरवून घेतलीस की.

समोरच्या बाईंनी विचारलं, "भाषा कळते का?" माझ्या तोंडून 'व्हय'च निघालं. मग मान हलवली आणि सही केली.

तारखेला येतोय. आधी करकंबला घरी येऊ, का कोर्टातच भेटायचं?

तुझा,
अजिंक्य