फटाक्यांची माळ अजून लावू नकोस

ब्रुकलिन, १४ जून

लाडक्या ताईस,

तुझा खोकला उतरला का? आल्याचं पाणी पितेस ना, की सांगितलेलं सगळं या कानानं ऐकून त्या कानानं सोडून देतेस? आम्ही बरे आहोत. मासळीच्या दुकानात बर्फानं हात गारठतात, पण मालक पगार वेळेवर देतो. सणाचा पानात बांधलेला भात केला. वरच्या मजल्यावरची ग्रिसेल तिचे मक्याच्या पानातले तमाले घेऊन खाली आली. दोघींचं एकाच मोठ्या पातेल्यात वाफवलं.

ग्रिसेलच्या यारेलीला मोठ्या सरकारी शाळेत प्रवेश मिळाला. अख्ख्या शहरातली पोरं जिच्यासाठी परीक्षा देतात, तीच शाळा. ग्रिसेल जिन्यावरूनच ओरडत आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली.

तू म्हणशील, लोकांच्या पोरीचं काय सांगतेस, माझ्या पोरीचं सांग. तू तर गल्लीभर सांगून ठेवलंयस, फटाक्यांची माळसुद्धा आणून ठेवलीयस. परवा व्हिडिओवर विचारलंस तेव्हा मी "अजून कळायचंय" म्हणाले आणि घाईनं फोन ठेवला. समोर तुझं तोंड दिसत असताना सांगवलं नाही, म्हणून हे पत्र. ताई, माळ अजून लावू नकोस. आपल्या रुईशिनचा प्रवेश झाला नाही.

थोडक्यात हुकला गं. खरं तर यारेलीचाही हुकला होता, आणि तिला आपल्या रुईशिनपेक्षा कमी गुण होते. पण ज्या शाळांत बहुतेक मुलं गरिबाघरची, तिथल्या थोडक्यात राहिलेल्यांना उन्हाळी वर्ग करून आत घेतात. यारेली मागच्या गल्लीतल्या शाळेत जाते, ती नियमात बसली. आपली जाते बागेपलीकडच्या, खात्यापित्या घरच्या पोरांच्या चांगल्या शाळेत. तिथे सोडतीत तिचा नंबर लागला तेव्हा मी केवढी नाचले होते, आठवतंय? करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी लोकांचे मासे साफ करते, ग्रिसेल लोकांचे कपडे धुते. आमच्या दोघींच्या गरिबीत कसलं आलंय डावं-उजवं?

माझं डोकंच फिरलं. तेवढ्यात रुईशिनच्या क्लासचे वेंग सर दुकानात आले.

"बाई, हा नियम यंदाच रद्द करा म्हणून आपण पालक शहराच्या सुनावणीला जातोय. तुम्ही बोला. एकाच इमारतीतल्या दोघी, कमी गुणांची आत, जास्तीची बाहेर! याहून मोठा पुरावा कुठला?"

मी लगेच हो म्हटलं. गुण म्हणजे गुण. दोन वर्षांत माझ्या पोरीला एक शनिवार खेळायला मिळाला नाही. नियम गेला तर यारेलीची जागाही जाईल, हे कळत होतं मला. तरी हो म्हटलं.

रुईशिन म्हणाली, "बोल ना. नियम चुकीचाच आहे. फक्त यारेलीचं नाव घेऊ नकोस."

"नाव न घेता लोकांना कळायचं कसं?"

"आई, अशी परीक्षा असते हेच तिला मी सांगितलं तेव्हा कळलं. माझ्याच पुस्तकांतली माझी उत्तरं खोडून ती गणितं सोडवायची. आपल्याच टेबलावर. तूच तिला सूप वाढायचीस."

मग न्हाणीघरात जाऊन तिनं नळ सोडला. माझी पोर नळ सोडून रडते, ताई, मला ऐकू जाऊ नये म्हणून.

काल सुनावणी झाली. आणि ग्रिसेल आली की गं बरोबर! तिला वाटलं, मी रुईशिनसाठी जागा मागायला चाललेय. बिचारी रजा टाकून आली. मी माइकपाशी गेले तेव्हा माझी पिशवी मांडीवर धरून बसली होती.

वेंग सरांनी भाषण पाठ करून घेतलं होतं. त्यातलं निम्मंच आलं. मी म्हटलं, "माझ्या मुलीला जास्त गुण आहेत आणि ती बाहेर आहे. हा अन्याय आहे. मला फार राग आलाय." दुभाषी सांगत होता, वेंग सर मान डोलवत होते. "पण आत गेलेली पोर माझ्या टेबलावर शिकलीय, खोडलेल्या पुस्तकांवर. तिची जागा काढू नका. माझ्या पोरीलाही एक द्या."

वेळ संपली, म्हणाले.

बाहेर आल्यावर वेंग सर उखडले, "अहो बाई, तुम्ही आपलीच बाजू बुडवलीत!" बुडवली असेल. जागा काही मिळाली नाही, मिळणारही नाही. दुभाष्याचं ऐकून ग्रिसेलला सगळं कळलं होतं. माझी पिशवी मात्र तिनं माझ्या हातात दिली नाही, घरापर्यंत तीच घेऊन आली.

सप्टेंबरपासून रुईशिन जवळच्या साध्या शाळेत जाईल. ती तुझा फोन टाळतेय. पाच वर्षांची होईपर्यंत तू वाढवलीस, अजून तुलाच मोठी आई म्हणते. आपल्यामुळे मोठ्या आईचं गल्लीत नाक कापलं गेलं, असं तिला वाटतंय. पत्र मिळालं की तिला फोन कर. निकालाचं काढू नकोस, जेवलीस का एवढंच विचार. मग माळ लाव, आणि फोन बाहेर धरून तिला आवाज ऐकव.

कुणी विचारलं कशाबद्दल, तर सांग, आमच्या पोरीनं अभ्यास केला म्हणून.

तुझी धाकटी, तुझ्या लेकीची आई,
लियानफांग