मैत्रिणीचा संसार वाचवताना

३ जून, सोमवार
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मैत्रिणीने सांगितलं, ती नवऱ्याला सोडायचं म्हणतेय. चष्म्याच्या या दुकानात आम्ही दोघी अकरा वर्षं आहोत. ती डोळे तपासते, मी काउंटरवर फ्रेमा दाखवते. कारण विचारलं तर म्हणे, तो बोलतच नाही. एवढंच! आमचे हे तरी कुठे बोलतात? अठरा वर्षांत एक भांडण नाही. ठरवलं, महिन्याभरात तिची गाडी रुळावर आणायची. अनुभव दांडगा आहे माझा.

५ जून
डब्याच्या वेळी पहिलं लेक्चर. संवाद आपण सुरू करायचा, रोज चहा घेताना नवऱ्याला तीन प्रश्न विचारायचे. तिने मान हलवली. कुठल्या दिशेने, ते नीट दिसलं नाही.

६ जून, सकाळी ७
प्रश्न आधी घरी ट्राय केले. नुसती टेस्ट. झोप लागली का? हे म्हणाले, हं. ऑफिसात काय चाललंय? म्हणाले, काय चालणार. तिसऱ्यापर्यंत हे आंघोळीला गेले. तो दाराबाहेरून विचारला. नळ चालू होता. एकंदर रिझल्ट चांगला.

१० जून
तिने प्रश्न विचारलेच नाहीत. उलट मलाच विचारलं, ह्यांनी मला नावाने हाक कधी मारली होती. मी म्हटलं, घरात माणसं दोन, हाक कशाला लागते? त्यावर म्हणाली, "अगं, भांडायलासुद्धा समोर कुणीतरी आहे असं वाटावं लागतं." माझ्याकडे उत्तर तयार होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. आता आठवत नाही.

१६ जून, रविवार
दोघांना दुपारी जेवायला बोलावलं. सुखी जोडपं कसं असतं ते प्रत्यक्ष दाखवावं म्हणून. दोन्ही नवरे अडीच तास शेजारी बसून मॅच बघत होते. अवाक्षर नाही. निघताना तिचा नवरा म्हणाला, मजा आली. हे नंतर म्हणाले, माणूस चांगला आहे. मैत्रिणीने माझ्याबरोबर सगळी भांडी घासली. ती काहीच बोलली नाही. बहुतेक पटलं असावं.

२० जून
मैत्रीण घर सोडून गेली. दुकानाजवळच्या एका दवाखान्याच्या वर खोली घेतलीय.

२२ जून, शनिवार
दुकानातून परस्पर तिच्या खोलीवर गेले, समजवायला. मुद्दे पाठ होते. एक खाट, एक खुर्ची, मोठी खिडकी. म्हणाली, आधी जरा टेक. टेकले. जाग आली तेव्हा अंगावर चादर होती आणि दोन तास गेले होते. मुद्दे राहूनच गेले. घरी आले तर ह्यांचं जेवण झालं होतं. उशीर का झाला ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. वाईट वाटेल असं वाटलं होतं. काहीच वाटलं नाही.

२३ जून, रविवार
हे काम एका भेटीत होणारं नाही. आज पुन्हा जाते. किती दिवस लागतील सांगता येत नाही, म्हणून कपड्यांचे चार जोड बरोबर घेतलेत. ह्यांना सांगितलं, मैत्रिणीचा संसार वाचवायला चाललेय.
म्हणाले, "जाताना दार ओढून घे."