रविवारच्या बाजारातला शत्रू

३ जानेवारी, रविवार

आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायला नाही, स्वतःला शिस्त लागावी म्हणून.

यंदाचे संकल्प: हॉलचं रीतसर युद्ध संग्रहालय करायचं. मेजरला बाजारातून हुसकून लावायचं. पोट कमी.

मेजर म्हणजे खरा मेजर नव्हे. पाणीपुरवठा खात्यात मीटरची रीडिंग घेत हिंडायचा, तिथूनच रिटायर झाला. मिशी तेवढी पलटणीतली. नाव मीच ठेवलंय, मनातल्या मनात. दर रविवारी जुन्या बाजारात माझ्या आधी हजर. आज ताडपत्रीवर जुनं सामान मांडणाऱ्या बाईकडे मी एक पितळी बिल्ला उचलला. रेजिमेंटचा असणार, घोडा होता त्यावर. नीट बघावा म्हणून चष्मा काढायला बिल्ला क्षणभर खाली ठेवला, तेवढ्यात मागून आवाज आला, हा मी घेतला. बाईने लगेच कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिलासुद्धा.

मी म्हणालो, डुप्लिकेट आहे. तो म्हणाला, मग इतका वेळ काय त्याची पत्रिका बघत होतात?

उत्तर सुचलं. पण बसमध्ये.

४ जानेवारी

शोरूम. बाथरूमच्या टाइल्स बघायला एक जोडपं आलं. हिरव्यात काहीतरी दाखवा म्हणाले. मी एक शेड काढली आणि सांगितलं, हा थेट रणगाड्याचा हिरवा, शत्रूला लांबून दिसतच नाही. बाई म्हणाली, आमच्या बाथरूममध्ये कोण शत्रू येणार आहे? नवरा तिच्याकडे बघून हसला. मग दोघं बराच वेळ हसत बसले. शेवटी पांढऱ्या घेऊन गेले.

मालक म्हणाले, गिऱ्हाइकाशी टाइल्सबद्दल बोला. संकुचित माणूस.

१० जानेवारी, रविवार

विजय!!

लोखंडी हेल्मेट. मेजर मिशीला पीळ देत विचार करत होता. मी विचार केला नाही, घेतलं. माथ्यावर तीन भोकं आहेत. गोळ्यांची असावीत, किंवा तोफगोळ्याच्या तुकड्यांची. अभ्यास करावा लागेल. ज्याच्या डोक्यावर ते होतं त्याचं काय झालं असेल, या विचाराने मन भरून आलं.

मेजर म्हणाला, ती कुंडीची भोकं आहेत. पाणी जायला पाडतात. आत माती बघा.

मी म्हणालो, ती रणभूमीची माती आहे.

तो म्हणाला, मग जपा. अधूनमधून पाणी घाला.

जळफळाट, दुसरं काय.

१९ जानेवारी

रोज लिहायचं राहिलंच. कामं होती.

हेल्मेट बादलीत भिजत ठेवलं होतं, मग खिडकीत वाळायला. आज त्यात कोंब आलाय. उपटला.

२४ जानेवारी, रविवार

बाजारात पट्ट्याचं एक बकल मिळालं. मेजरने एक सैनिकी पाण्याची बाटली मारली. आधी मी बाटली धरली होती आणि तो बकलाकडे बघत होता. ते बघून मी बाटली सोडून बकल घेतलं, तर त्याने बाटली उचलली. डावपेच असतात हे, सांगून कळणार नाहीत.

दुपारी ताईचा फोन. महिनाभर तुझ्याकडे राहायला येते म्हणाली. म्हटलं, ये की. म्हणाली, हॉलमध्ये बसायला काही आहे का? सोफा कुठाय? सोफा बायकोबरोबरच गेला हे ताईला माहीत आहे, तरी विचारते. म्हटलं, दारूगोळ्याची पेटी आहे, दणकट आहे, दोन माणसं आरामात बसतात. म्हणाली, मग राहू दे, माझ्या कंबरेला चालायचं नाही.

फोन ठेवताना विचारलं, तुझ्याशी दिवसभर बोलायला कोण असतं रे? मी सांगितलं, बोलायला वेळ कुणाला आहे इथे.

७ फेब्रुवारी, रविवार

आयुष्यातला मोठा दिवस. रायफल.

बाईने ती गालिच्याच्या गुंडाळीमागे उभी केली होती. मी आणि मेजर, दोघांचे हात एकदमच पडले. त्याने दस्ता धरला, मी नळी. बाई म्हणाली, आधी ठरवा, मग ओढा. मेजर भाव वाढवत गेला, मी त्याच्यावर चढत गेलो. आजूबाजूला माणसं जमली. आणि एकदम त्याने हात सोडला. गुडघा दाबत बाजूच्या जुन्या पेटाऱ्यावर टेकला आणि म्हणाला, घ्या, तुम्हीच घ्या.

शत्रूची शस्त्रं खाली. चादरीत गुंडाळून बसने आणली. बसमध्ये बाजूची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली.

८ फेब्रुवारी

कायदा पाळणारा नागरिक म्हणून अर्धी रजा टाकून पोलीस ठाण्यात गेलो. सांगितलं, माझ्याकडे युद्धकाळातली रायफल आहे, रीतसर नोंद हवी. हवालदार ताडकन उठला. चादर सोडली. त्याने नळीवर बोटाने टकटक केलं, मग नखाने खरवडलं. मग आत जाऊन बाकीच्यांना बोलावून आणलं.

नळी लाकडाची निघाली. वरून काळा रंग.

एक जण म्हणाला, नाटकातली आहे. दुसऱ्याने हातात धरून फोटो काढून घेतला. साहेब बाहेर आले, त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि मला अगदी गंभीरपणे सांगितलं, लायसन्स लागणार नाही, फक्त वाळवी सांभाळा.

शांतपणे विचार करता, ही प्रशिक्षणाची रायफल असणार. लढाईतल्या रायफली पुष्कळ सापडतात, प्रशिक्षणाच्या फार कमी. म्हणजे फायदाच. तरी मेजरला कळता कामा नये.

१४ फेब्रुवारी, रविवार

मेजर आला नाही. मैदान साफ! दोन बिल्ले, एक संगीन (म्यान नाही, टोक नाही), एक पदक. सगळं एकट्याने निवांत बघितलं.

२१ फेब्रुवारी, रविवार

आजही गैरहजर. पूर्ण माघार दिसते. रायफलीचा धक्का.

एक शिट्टी घेतली. सैनिकी असावी. रेल्वेचीही असू शकेल. आज नक्की ठरवता येईना.

२८ फेब्रुवारी, रविवार

एक पदक हातात घेऊन बराच वेळ उभा होतो. उलटं केलं, सुलटं केलं, खाली ठेवलं, पुन्हा उचललं. कुणी हिसकावलं नाही. बाई कंटाळून म्हणाली, घ्यायचं तर घ्या, नाहीतर सावलीत तरी या.

मग म्हणाली, तुमचे भाऊ हल्ली दिसत नाहीत?

कोण भाऊ? तर मेजर! बाई इतके दिवस आम्हाला सख्खे भाऊ समजत होती. मी खडसावून सांगितलं, आमचा काही संबंध नाही, मला त्यांचं नावही माहीत नाही. ती म्हणाली, अगंबाई, मग इतकं कशाला भांडायचात? परक्याशी कुणी असं भांडतं का?

पदक न घेताच परतलो. डोकं दुखत होतं.

६ मार्च, शनिवार

संग्रहालयाचं उद्‌घाटन. वेळ सायंकाळी पाच. बिल्डिंगच्या फळ्यावर सूचना लावली होती, शोरूममध्ये सगळ्यांना तोंडी सांगितलं होतं. हॉल झाडला, पितळ घासलं, बिल्ले मखमलीवर मांडले. रायफल भिंतीवर उंच लावली, कुणाचं नख पोचणार नाही अशी. चहाचे कप घासून ठेवले.

मालकांच्या मेव्हण्यांकडे कार्यक्रम निघाला. बाकीचे मालकांच्या मागे गेले असणार.

साडेसहाला बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या आजी. त्या ठोकाठोकी कधी थांबणार ते विचारायला आल्या होत्या. पण आल्या तशा आत बोलावलं. सगळं दाखवलं. चांगल्या स्वभावाच्या आहेत, प्रत्येक वस्तूपुढे थांबल्या. शेवटी विचारलं, तुमच्यातलं कोण होतं हो लढाईत? म्हटलं, कुणीच नाही. त्या म्हणाल्या, मग हे सगळं कुणाचं?

माहीत नाही म्हणणं बरं दिसेना. म्हटलं, माझं.

त्या हं म्हणाल्या. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला आणि गेल्या.

मेजरला मुद्दाम बोलवायला हवं होतं. जळून खाक झाला असता. हेल्मेट मधोमध ठेवलंय, त्यावर काहीतरी बोलल्याशिवाय त्याला राहवलंच नसतं.

१४ मार्च, रविवार

मेजरच्या घरी जाऊन आलो. टेहळणी म्हणून. शत्रूकडे काय काय साठा आहे ते एकदा डोळ्यांनी बघितलेलं बरं. पत्ता ताडपत्रीवालीने दिला, तिच्याकडून त्याची एक ट्रंक हातगाडीने घरी गेली होती.

तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार त्याच्या मुलीने उघडलं. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, तुम्ही टाइल्सवाले काका ना?

मी म्हणालो, तुला कसं कळलं? म्हणाली, बाबा दर रविवारी जेवताना मला फोनवर तुमचंच सांगतात. आज काका काय म्हणाले, आज काकांना कसं चिडवलं. आईच्या मागे त्यांच्या तोंडून एवढंच ऐकायला मिळतं.

कुणाच्या तरी जेवणात दर रविवारी माझा विषय निघतो, याची मला कल्पना नव्हती. जिन्याने दम लागला होता, म्हणून थोडा वेळ उभाच राहिलो.

मेजर आत खाटेवर. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. घरात दाढी वाढली की मिशीचा रुबाब जातो, साधा म्हातारा दिसतो माणूस. मला बघून म्हणाला, या या, रायफल कशी आहे? मी म्हणालो, उत्तम. तो म्हणाला, लाकडाची आहे ना? मी धरल्याबरोबर कळलं, वजनच नव्हतं.

मी विचारलं, मग भाव कशाला वाढवत होतात?

म्हणाला, तुम्ही चढत होता म्हणून. फार दिवसांनी मजा आली होती.

सामान खोक्यांत भरून चाललं होतं. मुलगी त्याला आपल्या गावी नेतेय, दूर. घर सोडायचं. खोक्यांतून सगळं दिसत होतं: घोड्याचा बिल्ला, पाण्याची बाटली, मी सोडलेलं सगळं. मी तज्ज्ञाच्या नजरेने बघितलं आणि विचारलं, तुम्ही या वस्तू पारखता कशा?

तो हसला. म्हणाला, मला यातलं ओ की ठो कळत नाही. बायको गेल्यावर रविवार खायला उठायचा, म्हणून बाजारात यायला लागलो. तुम्ही इतके बारकाईने बघायचात, म्हटलं माणूस जाणकार दिसतो. तुम्ही ज्याला हात लावाल ते घ्यायचं, एवढंच.

मी चेहरा जाणकारासारखाच ठेवला. आता मीही अधूनमधून तो बघेल ते उचलत होतो, हे खरं आहे. पण जवळजवळ सगळंच तसं उचललं असेल असं नाही. घोड्याचा बिल्ला मी स्वतः शोधला होता. बहुतेक.

निघताना म्हणाला, हे सगळं तुम्ही घेऊन जा, फुकट. मी म्हणालो, फुकट घेणार नाही, भाव सांगा. तो म्हणाला, भाव नाही. मी म्हणालो, मग मला नको. तो म्हणाला, नको कसं, न्यावंच लागेल. मी एक आकडा सांगितला. त्याने निम्मा केला. मी वाढवला. त्याने पुन्हा पाडला. मुलगी चहा घेऊन आली तेव्हा आम्ही दोघं ओरडत होतो. तिने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, काही नाही, तू बस, बघ कसं असतं ते.

चहा दोनदा झाला.

त्याला सांगायचं होतं, सामान राहू द्या, तुम्हीच राहा. असं कुणाला सांगतात का? कुठल्या नात्याने सांगणार? म्हणालो, टेंपो शनिवारी पाठवतो.

२० मार्च, शनिवार

टेंपो आला. अकरा खोकी. हॉल भरला, आता दारूगोळ्याच्या पेटीवरही बसता येत नाही. स्वयंपाकघरात उभ्यानेच जेवलो. संग्रह दुप्पट झाला. या भागातला सर्वांत मोठा असावा. खात्री करायला कुणी नाही.

२८ मार्च, रविवार

मेजर आज गेला. गाडी सकाळची होती. निरोपाला जायचं पक्कं ठरवलं होतं, शर्टला इस्त्रीही केली. पण माणसं रडतात वगैरे, ते मला आवडत नाही. बाजारात गेलो. बाईला सांगितलं, भाऊ गेले मुलीकडे. ती म्हणाली, बरं झालं, म्हातारपणी जवळ कुणीतरी हवं. नवीन माल दाखवू का? म्हटलं, आज नको.

बाजारातून त्याच्या घरावरून आलो. वाटेवर नाही तसं, जरा वळसा पडतो. तिसऱ्या मजल्यावर खिडक्या बंद.

नंबर घ्यायचा राहिला होता. त्याच्याकडे माझा आहे, टेंपोसाठी दिलेला.

४ एप्रिल, रविवार

फोन नाही. प्रवासाचा शीण असेल. गुडघा असेल.

खोकी अजून उघडलेली नाहीत. पुढच्या आठवड्यात नक्की.

७ एप्रिल

फोन वाजला, धावत घेतला. ताई. ये म्हटलं, महिनाभर राहा, सोफा आणतो. म्हणाली, आता पावसाळ्यानंतर बघू, नातीच्या परीक्षा आहेत.

११ एप्रिल, रविवार

मेजरचा फोन आला! बाजारात होतो, आवाज नीट येईना म्हणून बाजूच्या गल्लीत गेलो. आवाज खणखणीत. गुडघा बरा आहे, काठी घेऊन चालतो. मुलगी जपते. तिच्या गावीही रविवारचा बाजार भरतो म्हणे, पण तिथे लढाईचं काही मिळत नाही, जुनी नाणी फार. शेजारचे एक गृहस्थ नाणी जमवतात, तेही रिटायर. फार हेकट. परवा दोघांनी एकच नाणं धरलं, सोडेचनात. हे सांगताना इतका हसला की खोकला लागला. मुलीने आतून पाणी आणून दिलं, ते ऐकू आलं.

मी म्हणालो, छान. नाण्यांत फसवाफसवी फार असते, जपून. तो म्हणाला, हो, ते गृहस्थही तसंच म्हणतात.

मग त्याने विचारलं, आणि तुमचं कसं काय? हल्ली तुमच्याशी कोण भांडतं?

मी म्हणालो, बरेच जण.