बॅनरवरच्या फोटोखाली माझा नंबर

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक,
सातारा.

अर्जदार : सौ. दीपमाला विश्वजीत सूर्यवंशी, रा. आटपाडी, जि. सांगली.

विषय : पतीवरील हल्ल्याची फिर्याद घेणे व कारवीच्या माळावर श्रीमती भामाबाई झोरे यांच्याकडे तातडीने माणूस पाठवणेबाबत.

संदर्भ : काल सायंकाळी खाली कोयनानगरच्या चौकीत सांगितलेली, परंतु लिहून न घेतलेली तक्रार.

महोदय,

"पोरी, डोंगराचं काड, पाण्याचं काड. पर हत्यार घेतल्याल्या माणसाचा फोटू काडू नगंस, मग त्यो किती का हसंना," असे भामाबाईंनी मला दिवाळीत बजावले होते. मी हसण्यावारी नेले.

१) मी व माझे पती गड, घाट, नद्या यांचे फोटो काढत फिरतो. दोन वर्षांची साक्षी कडेवर असतेच. कोयनानगरच्या वर, कारवीच्या माळावर भामाबाई एकट्या राहतात. तिकडे गेलो की मुक्काम त्यांच्याच झोपडीत.

२) त्या दिवाळीत सकाळी बाळासो नावाचा इसम साथीदारांसह रानडुक्कर काठीला टांगून दारात आला. "वैनी, आमचा बी एक काडा की. बॅनरला लागंल असा झ्याक!" डुक्कर अजून धुगधुगत होते. त्याने कुऱ्हाड घातली, रक्त साक्षीच्या झबल्यावर उडाले, आणि तो म्हणाला, "आता हसा रं." सगळे हसले. मी भीतीपोटी फोटो काढला व मागितला म्हणून पाठवला.

३) तोच फोटो त्यांनी बाळासोच्या वाढदिवसाला माळाकडे जाणाऱ्या फाट्यावर बॅनर करून लावला. बंदुकांसह. खाली 'छायाचित्र : दीपमाला' व माझा मोबाइल नंबर. बॅनर पाहून वनखात्याने त्याच्या दोघा साथीदारांना उचलले. खबर मीच दिली, असा बाळासोचा समज झाला. वाढदिवसाच्या फोटोसाठी मला अजून फोन येतात, हे वेगळेच.

४) वनखात्याची कारवाई व बाळासोचा हा समज ठाऊक नसताना काल, रविवारी आम्ही भामाबाईंना त्यांचा फ्रेम केलेला फोटो द्यायला गेलो. झोपडीसमोरच आम्हाला घेरले. पतीच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता मारला, दात पडले. उजवा हात दगडावर दाबून बाळासोने विचारले, "बटन दाबायचं बोट कंचं रं?" उत्तराची वाट न पाहता त्याने कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, चारही बोटे ठेचली.

तेव्हा भामाबाई चुलीतले जळते लाकूड घेऊन धावल्या. एकाच्या मानेवर ते टेकवले, कातडीचा वास सुटला. "आवं आजी, बाजूला व्हा," बाळासो ओरडला. "मुडद्या, माज्या दारात पावण्याला मारतोस व्हय?" असे म्हणून त्यांनी मला ढकलले. "लेक घे नि वड्यानं उतर. मी बगती हेंच्याकडं."

आम्ही उतरलो. ओढ्यात असताना वरून बंदुकीचा बार ऐकू आला. एकच.

५) चौकीत मला विचारण्यात आले की, बॅनरवर नाव तुमचे, मग शिकारीत तुमचा सहभाग काय? पती तिथेच बाकावर रक्त थुंकत होते.

मला सहआरोपी करायचे असल्यास करावे. माझी हरकत नाही. परंतु भामाबाईंचा फोन कालपासून बंद आहे. आपण आधी वर माणूस पाठवावा. गाडी फाट्यापर्यंतच जाते, पुढे ओढ्याकडेची पायवाट. अनोळखी माणसाला त्या दार उघडत नाहीत, म्हणून बाहेरूनच "साक्षीच्या आईनं पाठवलंय" असे मोठ्याने सांगावे.

आतून शिवी ऐकू आली, तर कृपया तसे मला लगेच कळवावे.

आपल्या फोनकडे डोळे लावून बसलेली,
दीपमाला वि. सूर्यवंशी
दि. ९ डिसेंबर २०२४

सोबत : पतीच्या हाताचा एक्स-रे, बॅनरचा फोटो, भामाबाईंचा फोटो (ओळख पटावी म्हणून).