डाव्या गालाची नोंद

मी, डेसमंड टूहिग, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार वूस्टर, मॅसॅच्युसेट्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे फुप्फुस गेले आहे, डोके शाबूत आहे. कोणी दबाव आणलेला नाही. आणण्याइतके जवळ कोणी उरलेले नाही. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

१. पत्नी ऊना नऊ वर्षांपूर्वी वारली. मूल नाही. बँकेत आहे ते अंत्यविधीत संपेल.

२. टॅल्बर्ट कंपनीने निरोपाच्या दिवशी दिलेले सोनेरी मुलाम्याचे रेझर कोणालाही देऊ नये. कचऱ्यात टाकावे. त्याने कधीच नीट दाढी झाली नाही.

३. माझ्या अठ्ठावीस वह्या पुतणी ब्रीडाला द्याव्यात. टॅल्बर्टच्या चाचणीच्या खोलीत मी अठ्ठावीस वर्षे होतो. रोज सकाळी आम्ही चाळीस जण आपापल्या आरशासमोर उभे राहत असू. डावा गाल एका रेझरने, उजवा दुसऱ्याने. आमचे कोणते, प्रतिस्पर्ध्याचे कोणते, हे सांगत नसत. मग जी बाजू बरी वाटली तिच्यासमोर तक्त्यावर खूण करायची. संध्याकाळी ऊना दोन्ही गालांवरून हात फिरवी. म्हणे, "आज डावा जिंकला. उजव्याला म्हणावं, सोफ्यावर झोप." तिचा निकाल मी वहीत लिहून ठेवी.

४. १९७४ साली माझा धाकटा भाऊ फिंटन याने टॅल्बर्टसाठी दोन पात्यांचे रेझर बनवले. दुसऱ्यांची बाजारात आली होती, आमची घाई चालली होती. चार दिवस डावा गाल जिंकला. उजवीकडे मानेवर रक्त आले. कोणत्या बाजूला काय आहे हे फिंटनला ठाऊक होते. गुरुवारी तो आमच्या स्वयंपाकघरात आला.

"डेस, उजवीकडे खूण कर."

"उजवीकडे रक्त येतंय, फिंटन."

"येऊ दे थोडं. साहेब तुझाच तक्ता आधी बघतो. माझी नोकरी आहे रे यात."

ऊना म्हणाली, "मग भाऊजी, गालही तुमचाच वापरा ना."

शुक्रवारीही डावाच जिंकला. मी आठवड्याचे पाचही तक्ते उजवीकडे खूण करून नव्याने भरले. रेझर बाजारात आले. फिंटन चाचणीच्या खोलीचा प्रमुख झाला. तक्रारी आल्यावर त्याने तिसरे पाते बसवले. १९८९ साली त्याने मला बोलावून घेतले. "डेस, तुझी कातडी निबर झाली रे. आता काही सांगत नाही ती." त्या दिवशी माझे काम संपले. पुढे कारखानाही संपला. त्यानंतर पंधरा वर्षे तो याच घरात खालच्या मजल्यावर राहिला आणि आम्ही बोललो नाही.

५. गेल्या वर्षी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. तेव्हापासून रोज सकाळी त्याची दाढी मी करतो. ब्रीडा त्याची मुलगी. ती म्हणते, "डेस काका, घर विकू या, बाबांना वृद्धाश्रमात ठेवू. तुमचं तरी त्यांच्याशी कुठं पटतं?"

पटत नाही. पण वृद्धाश्रमात दाढी आठवड्यातून दोनदाच करतात. मी जाऊन विचारून आलो आहे.

घर ब्रीडाला मिळावे. मात्र फिंटन जिवंत असेपर्यंत ते विकू नये, त्याला हलवू नये, आणि रोज सकाळी त्याची दाढी कोणीतरी करावी. एकाच पात्याने. यात कसूर झाल्यास घर चर्चकडे जावे.

६. गेल्या महिन्यात गालाला फेस लावलेला असताना फिंटनने विचारले, "डेस, तेव्हा डावा खरंच बरा होता का?"

मी म्हणालो, "गप्प बस, कापेल."

होता. पाचही दिवस. वहीत तारखा आहेत. हे कलम वकिलांनी त्याला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवावे. तो चिडला, रडला किंवा पुन्हा खोटे बोलला, तरी कलम पाचमध्ये बदल होणार नाही.

मी त्याला माफ केलेले नाही. तो इथेच राहील.

सही: डेसमंड टूहिग

आमच्यासमक्ष सही केली:
ॲग्नेस कुर्लिन्स्की, शेजारीण
लिओ बर्थियॉम, औषध दुकानदार

वूस्टर, ९ नोव्हेंबर २००५